कोपऱ्याखालचं पेव

सासूबाईंच्या खोलीचं दार लागेना, तेव्हा मला वाटलं लाकूड फुगलं असेल. सुतार आला, वरून रंधा मारून गेला. थोड्या दिवसांनी दार पुन्हा अडलं. सुतारानं पुन्हा रंधा मारला आणि जाताना म्हणाला, "ताई, दाराचं काई न्हाई. चौकट वाकडी व्हायलीय."

घर अजून पुरतं झालं नव्हतं. गिलावा झाला होता, फरशी बसली होती, रंग राहिला होता. मी पालमच्या शाळेत शिकवते, नवऱ्याचं तिथंच विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. संध्याकाळी एसटीतून उतरलं की बौद्धवाड्यातल्या आमच्या जुन्या घरी जायच्या आधी मी नव्या घरात एक चक्कर टाकायची. गावाच्या मधल्या, पांढऱ्या मातीच्या जुन्या वस्तीत ही जागा आम्ही घेतली होती. जागेचे मालक परभणीला राहायला गेलेले, गावात परत यायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्या आळीत आमच्या समाजातलं हे पहिलंच घर. बांधकाम चालू असताना येणारा-जाणारा थांबून बघायचा. कुणी कौतुकानं, कुणी नुसतंच.

दारानंतर फट आली. त्याच खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडं तिरपी गेलेली. आधी केसासारखी होती. मग तिच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी झाली.

बांधकामाचा गुत्ता, म्हणजे कंत्राट, नवऱ्याच्या सख्ख्या मामेभावानं घेतला होता. मी त्यांना भाऊजी म्हणते. हसरा माणूस, मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला लागणारा. त्यांनी फटीवर हात फिरवला.

"वहिनी, नवं घर हाय. बसतंच थोडं. माणूस बी नव्या जागी जरा अवघडूनच बसतो की."

त्यांनी माणूस लावून फटीत लांबी, रंगाच्या आधी लावतात ती पुट्टी, भरली, वरून घासून भिंत सपाट केली. "आता बगा. हुडकून दाखवा फट."

खरंच सापडत नव्हती. पण पंधरवडा गेला नाही तोच लांबीच्या मधोमध फट उघडली, आधीपेक्षा रुंद. त्यांनी पुन्हा लांबी भरली. त्यानंतर एका रविवारी मी फरशी धुवायला घेतली. पाणी दाराकडं लोटत होते आणि ते माझ्या पायाला वळसा घालून त्या कोपऱ्याकडं जायलं. मी केरसुणी हातात धरून बघत राहिले. दार, फट आणि पाणी, तिघंही एकाच कोपऱ्याकडं बोट दाखवत होते.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "तो कोपरा उकरून बघायचा."

तो म्हणाला, "नात्यातला हाय. मामाला काय वाटंल?"

"मला भाऊजींशी भांडायचं नाही. खाली काय आहे तेवढं बघायचंय."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना आम्ही सगळेच माय म्हणतो. तव्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "त्या खोलीत म्याच निजणार हाय नव्हं? मग उकरा."

घराचा नकाशा परभणीच्या एका तरुण इंजिनिअरनं काढून दिला होता. त्यांना बोलावलं. भाऊजीही आले. दोन मजूर बाहेरून भिंतीच्या कोपऱ्याला लागून खड्डा घेऊ लागले. नकाशाप्रमाणं पाया माणसाच्या छातीइतका खोल जायला हवा होता. मजूर गुडघ्याच्या थोडं खाली गेले आणि पायाचं काँक्रीट संपलं. त्याखाली माती.

इंजिनिअर खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. "हे काय आहे?"

"सायेब, हितं जमीन लय टणक लागली," भाऊजी म्हणाले. "कुदळ उडायलती. मुरूमच हाय असं वाटलं म्हून थांबलो."

"बाकीच्या कोपऱ्यांना?"

"बाकी बरोबर हायत. तुमी कुटंबी उकरा."

इंजिनिअरनी एका मजुराला पहारीनं त्या टणक मातीवर घाव घालायला सांगितलं. पहिल्या दोन घावांना पहार खणखणली. तिसऱ्याला आवाज बदलला, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. मजुरानं आमच्याकडं बघितलं. इंजिनिअरनी मान हलवली. त्यानं चौथा घाव घातला आणि पहार त्याच्या हातातून सुटली. जमिनीत गेली. सगळी. आम्ही भोकाकडं बघत उभे, आणि मग खालून, बऱ्याच खालून, ती पडल्याचा आवाज आला.

त्या भोकातून थंड हवा येत होती. मी वाकले तेव्हा ती चेहऱ्यावर लागली. कुजका वास नव्हता. बंद कोठीचा असतो तसा, कोरडा, धान्याचा वास होता.

"बाहेर या," इंजिनिअर मजुरांना ओरडले. "सगळे लांब व्हा. घरात कुणी जायचं नाही."

भाऊजी तिथंच विटांच्या ढिगावर बसले. "मला न्हाई म्हाईत, वहिनी. आईशप्पत."

ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं. पण सांगितलं तेवढं खोल ते गेले असते, तर पहार त्याच दिवशी सुटली असती आणि आम्ही कोपरा चार हात अलीकडं घेतला असता. मी तसं बोलून दाखवलं. ते उठले, मोटारसायकल चालू करून गेले, ते बरेच दिवस आले नाहीत.

मायला सांगितलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "पेव हाय ते."

पेव हा शब्द मला ठाऊक होता. जुन्या काळी ज्वारी जमिनीखाली साठवायचे एवढं ऐकलेलं. माय मात्र सांगू लागल्या. पांढरीत मोठ्या शेतकऱ्यांची पेवं असायची. वरून तोंड लहान, एक माणूस जेमतेम जाईल एवढं, आत पोट मोठं. ज्वारी भरायची, वर सपाट दगड, त्यावर माती. वर्षानुवर्षं धान टिकायचं.

"आन् उतरायला आपलीच माणसं लागायची. आतून सारवायला, धान काडायला. माझे सासरे सांगायचे. पेव उघडलं की आत वाईट हवा राहती. एक जण उतरला त्यो वर आलाच न्हाई. दोरीनं वडून काडला, तवर संपलाता."

"ह्याच पेवात?"

"ह्याच का दुसऱ्या, कुणाला ठाव?"

खचणारी घरं उचलणारी माणसं असतात, हे मला इंजिनिअरकडून कळलं. हरियाणाकडची एक टोळी तेव्हा नांदेडला काम करत होती. ती आठवड्यानं आली. टोळीच्या म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणत. जाड मिशांचा, कमी बोलणारा. त्यानं घराभोवती एक फेरी मारली, भोकात टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "मकान अच्छा है. बस एक पैर हवा में है."

त्यांनी आधी पेवापासून दूर, पक्क्या जमिनीवर लाकडी ओंडक्यांचे थर रचले. भिंतीखालच्या तुळईखालून लोखंडी गर्डर आरपार घातले आणि त्यांच्याखाली जॅक बसवले. त्या खोलीचा सगळा भार गर्डरांवर आला, तेव्हाच उस्तादनं आम्हाला जवळ येऊ दिलं. मग अंगणाच्या कडेला पेवाचं खरं तोंड सापडलं. वीतभर मातीखाली सपाट काळा दगड. तो सरकवला आणि उस्तादनं दोरीला बांधून कंदील खाली सोडला. ज्योत थोडं अंतर उतरली, बारीक झाली आणि विझली. माय बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला तो सोडला नाही.

तोंड उघडं ठेवून दोन दिवस वारा जाऊ दिला. पंखा लावला. कंदील पुन्हा सोडला. ह्यावेळी तो तळापर्यंत गेला आणि तिथं शांत जळत राहिला. आधी उस्ताद उतरला, मग इंजिनिअर. ते वर आले ते वेगळ्याच चेहऱ्यानं. इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, तुम्ही उतरून बघा. पुन्हा बघायला मिळणार नाही."

मी पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. तोंडातून उतरताना खांदे दोन्ही बाजूंना घासत होते. मग एकदम घासायचे थांबले. भिंत माझ्यापासून दूर गेली होती. खाली पाय टेकले, तेव्हा मी एका भल्यामोठ्या घागरीच्या आत उभी होते.

कुठं कोपरा नव्हता. तळापासून वर निघालेली गोलाई पोटाला फुगत, गळ्याला मिटत थेट तोंडापर्यंत गेली होती. पहारीनं पाडलेलं भोक सोडलं तर कुठं फुगवटा नाही, कुठं पोपडा नाही, ओलीचा एक डाग नाही. वरून पाणी मुरणारं गाव, शेजारी न्हाणीघरं, आणि आत भिंत हाताला कोरडी, गुळगुळीत लागत होती. मातीत भुसा मिसळून ती सारवली होती. इंजिनिअरनी वरच्या तोंडाच्या मधोमध ओळंबा धरला आणि दोरी सोडली. ओळंबा तळाच्या मधोमध आला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा तिथंच.

कंदील उचलून मी भिंतीजवळ गेले. सारवणात बोटं होती. चार बोटांचे आडवे अर्धगोल फराटे, एकाला लागून एक, एका ओळीवर दुसरी ओळ, पार गळ्यापर्यंत. गळ्यापाशी तर उभं राहायला जागा नाही. शिडीवर लटकून, मान मोडून, कंदिलाच्या उजेडात कुणीतरी ते केलं होतं, आणि तिथलाही फराटा खालच्याइतकाच सरळ होता. मी माझी बोटं त्या खुणांवर ठेवली. खुणा माझ्या बोटांपेक्षा रुंद होत्या.

मुलांच्या सहलीबरोबर मी चारठाण्याची जुनी देवळं बघितली आहेत. तिथले खांब बघून माझी मान अशीच वर राहिली होती. पण ते खांब लोकांनी बघावेत म्हणून केलेले. हे काम अंधारात राहण्यासाठी केलं होतं. ज्वारी भरली, दगड बसला की ते कुणालाच दिसणार नव्हतं. ज्यानं केलं त्याच्या घरात ती ज्वारी किती गेली असेल, ह्याचा मला अंदाज होता. तरी एक फराटा चुकलेला नव्हता. आत माझ्या श्वासाचा आवाज मला सगळ्या बाजूंनी परत येत होता.

तळाच्या कडेला काळी पडलेली मूठभर ज्वारी होती. बोटांत धरली तर तिची राख झाली.

वर आले तेव्हा मायनी विचारलं, "कसं हाय?" मी सांगायला लागले आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "बोटं दिसतेत?" मी हो म्हणाले. त्यांनी आपल्या तळहाताकडं बघितलं.

पेव बुजवावं लागणार हे ठरलेलं होतं. वर घर होतं, दुसरा मार्ग नव्हता. इंजिनिअरनी तळावर पहार मारून बघितली, पुष्कळदा, सगळीकडं. मग म्हणाले, "एवढा घट्ट तळ मला नव्यानं करता आला नसता. खांब इथूनच उचलू." कोपऱ्याच्या बरोबर खाली, पेवाच्या तळापासून काँक्रीटचा खांब, आणि उरलेल्या पोकळीत मुरूम ठोकून भरायचा, असं ठरलं.

त्याच सुमारास भाऊजींचे वडील, मामा, घरी आले. म्हातारे, डोक्याला पटका. जेवताना त्यांनी विषय काढला नाही. हात धुतल्यावर म्हणाले, "पोरगा तोंड दावायला लाजायलाय. काय म्हणायचं असंल ते मला म्हण, पोरी."

"मामा, मला काही म्हणायचं नाही. बुजवायच्या आधी त्यांनी एकदा आत उतरून बघावं. एवढंच."

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. मोटारसायकल लांबच लावली आणि चालत आले. कुणाशी न बोलता शिडीवरून उतरले. बराच वेळ आत होते. इतका, की नवऱ्यानं तोंडावर वाकून हाक मारली. वर आले तेव्हा त्यांचा शर्ट मातीनं भरला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "आतून लय गुळगुळीत हाय हो." आणि शर्टावरची माती झटकत, "खांब मी भरू का?"

'नाही' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. ज्या हातानं दोनदा लांबी भरली, त्याच हाताला पुन्हा कसं द्यायचं? नवरा माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "इंजिनिअर समोर उभे असतील, तेव्हाच. आणि ते म्हणतील तिथं थांबायचं, ते म्हणतील तितकं खोल जायचं."

"व्हय."

त्यांनी खांब भरला. सळ्या स्वतः बांधल्या, इंजिनिअरनी दोन ठिकाणी सोडायला लावल्या त्या सोडून पुन्हा बांधल्या. काँक्रीट ओतताना आत उभं राहून काठीनं कोंबत राहिले. नंतर खांबाला गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला ते स्वतः येत, माणूस पाठवत नसत. आमच्यात बोलणं फारसं होत नव्हतं. खर्चाचं काय करायचं ते मामांनी आणि नवऱ्यानं बसून मिटवलं. मी त्यात पडले नाही.

खांब पिकून पक्का झाल्यावर घर उचलायचा दिवस आला. सकाळपासून गाव गोळा झालं. ज्यांनी आमच्या दारावरून जाताना कधी मान वळवली नव्हती, तेही समोरच्या ओट्यावर जागा धरून बसले. मायसाठी खुर्ची मांडली. टोळीतली माणसं एकेका जॅकपाशी लोखंडी दांडा धरून बसली. उस्ताद मधे उभा राहिला.

"लगाओ."

सगळे दांडे एकदम, थोडेसे फिरले.

"बस."

काही झालं नाही. म्हणजे काही दिसलं नाही. मी इंजिनिअरना विचारून उंबऱ्यात उभी राहिले होते, आतल्या भिंतीकडं बघत. भाऊजी माझ्या मागं होते. पुन्हा "लगाओ", पुन्हा "बस". कितीतरी वेळ तेच. मग भिंतीतून आवाज आला. बारीक, लांबलेला. आजारी माणसाला कूस बदलून देताना तो करतो तसा. बाहेरच्या लोकांनी बोलणं थांबवलं.

आणि फट हलली.

आधी मला वाटलं डोळ्यांचा भास आहे. पण फटीत भरलेल्या लांबीचा एक पापुद्रा सुटून फरशीवर पडला. मग दुसरा. उस्तादचा प्रत्येक शब्द बाहेर पडत होता आणि आत भिंतीच्या दोन्ही कडा जवळ येत होत्या, मधली लांबी ढकलून बाहेर टाकत होत्या. तिचा भुगा खिडकीखाली साचत गेला. एवढं विटा-सिमेंटचं घर, ज्याला आपण अचल म्हणतो, ते माझ्या डोळ्यांसमोर जखम मिटवत होतं. हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना. उस्तादला, खाली बसलेल्या घामाघूम माणसांना, की त्या रुंद बोटांच्या माणसाला, ज्याच्या तळावर हा सगळा भार आता टेकणार होता?

"रुको," उस्ताद म्हणाला. इंजिनिअरनी पाण्याची नळी लावून पातळी बघितली. "झालं."

भिंतीवर रेघ उरली होती, फक्त रेघ. भाऊजी पुढं झाले. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, खालचा भुगा ओंजळीत भरला आणि बाहेर नेऊन टाकला. परत येऊन म्हणाले, "वहिनी, ह्या रेघंवर लांबी न्हाई भरत मी. रंग बी द्यायचा तर तुमी द्या." दाराची मात्र गंमत झाली. चौकट सरळ झाली आणि दोनदा रंधा मारलेलं दार वर बोटभर तोकडं पडलं. सुताराला तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा तो दारासमोर बसून पोट धरून हसला.

आम्ही राहायला गेलो. बुद्धवंदना झाली, गाव जेवून गेलं. माय त्या खोलीत पहिल्या दिवसापासून निजू लागल्या.

काही महिन्यांनी, एका दुपारी, जागेचे जुने मालक परभणीहून आले. पिकलेले, काठी टेकत, सोबत मुलगा. पेव सापडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मुलाला बाहेर बसवून ते आत आले आणि कोपरा बघून म्हणाले, "बुजवलं का?"

"बुजवावं लागलं, बाबा."

ते खुर्चीवर टेकले. पेव आपल्या घराण्याचं होतं एवढं त्यांना ठाऊक होतं. पण नेमकं कुठं होतं ते वडिलांबरोबरच गेलं होतं. "लहानपणी एकदा उघडलेलं आठवतंय. आमाला जवळ येऊ देत नव्हते. दोरीनं ज्वारी वर आलेली तेवढी दिसायची." मग माझ्याकडं वळून, "तुमी उतरलात म्हणे. आत कसं होतं?"

मी मायकडं बघितलं. माय म्हणाल्या, "सांग की."

मी सांगितलं. तोंड, गळा, पोट, ओळंबा. बोटांचे फराटे सांगताना हात भिंतीवर ठेवून दाखवला, असे, एकाला लागून एक. म्हातारबा पुढं वाकून ऐकत होते.

"कुणी केलं आसंल?" ते हळूच म्हणाले.

"आमच्यापैकीच कुणीतरी," माय म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, गर्वही नव्हता.

ते मायकडं बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली, एकदा, सावकाश, आणि मला म्हणाले, "त्या गळ्यापाशी कसं केलंतं, ते परत एकदा सांगा."